एकशे दहाचं बटन

१२ फेब्रुवारी १९८९

…बंबातलं पाणी तापलं होतं. मी सडा टाकून आत आले होते आणि कामाला येणाऱ्या भागीरथेला मिठाच्या डब्याबद्दल विचारत होते, कारण त्या दिवसांत घरात खडे मीठ टिकतच नसे. "मी काय मीठ खाते काय वं बाई?" ती भांडी घासता घासता म्हणाली. तेवढ्यात हे आंघोळ करून बाहेर आले. खांद्यावर ओला पंचा, हातात पितळी तांब्या. कोणाशी न बोलता मागच्या अंगणात गेले. पूर्वेच्या भिंतीशी सदाफुली आहे, तिच्याजवळ एक फरशी आहे, तिथे त्यांनी तांब्या वाकडा केला. पाणी हळूहळू सोडलं. मातीनं ते पिईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, "चहा झाला का?"

एवढीच ती सकाळ. त्यात आठवण्यासारखं काही नाही आणि मला रोज तीच आठवते. जन्मात देवाला हात न जोडलेला माणूस रिटायर झाल्यावर सूर्याला पाणी द्यायला लागला, ह्याचं मला आतून बरं वाटायचं. पण कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ओशाळून त्यांनी ते बंद केलं असतं.

ही वही त्यांनी ८९ सालासाठी आखून ठेवली होती. गाव, तारीख, पाणी किती फुटांवर, शेरा. असे चार रकाने. आता ह्यात कोण काय भरणार? म्हणून मी रेघांवरून आडवं लिहिते आहे.

आज विरुळचे किसनराव आले होते. विहीर आणखी खोल करायची की दुसरीकडे खणायची, ह्यावर त्यांच्या घरात भांडण आहे. "वहिनी, बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीले किती पाणी होतं, थे गुरुजी एका मिनिटात सांगत. तुमच्यापाशी असन ना लिहेल?"

आहे. पण ते मशीनमध्ये आहे. आर्वीच्या शाळेत विज्ञान शिकवताना ह्यांनी एकोणीस वर्षं अकरा गावांच्या विहिरी दर महिन्याला मोजल्या. एस.टी.नं नाहीतर सायकलनं जायचे. रिटायर झाल्यावर, ८६ साली, हा कॉम्प्युटर आणला आणि सगळ्या वह्या त्यात घातल्या. मी आकडे वाचायचे, ते टाईप करायचे. एक वही पूर्ण झाली की माझ्याकडे द्यायचे, "घे, हिचं काम संपलं," आणि मी ती बंबात घालायची. एकोणीस वर्षांच्या वह्यांवर आम्ही दोघांनी एक हिवाळा आंघोळी केल्या. मीच काडी लावायची.

किसनरावांना मी म्हटलं, परवा या.

१३ फेब्रुवारी

हे गेल्यावर नऊ महिन्यांनी मशीनवरचा कपडा काढला. कसं सुरू करायचं ते ह्यांनी पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं आहे. माझ्यासाठीच लिहिलं होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पुढचं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांवर. इंग्रजी अक्षरं ह्यांनी शिकवली ती साठीला टेकल्यावर.

बटन लावलं. पंखा फिरला. पडद्यावर हिरवे आकडे मोजले गेले. बहात्तर सालची फाईल उघडली. विरुळ दिसलं आणि पडदा काळा झाला. पुन्हा पहिल्यापासून आकडे मोजायला लागलं. तीनदा असंच झालं. चौथ्यांदा विरुळचा मे महिना सापडला. त्रेचाळीस फूट.

पण त्याच्यापुढे शेऱ्याचा रकाना होता. वह्यांतला तो रकाना ते मला कधी वाचायला सांगत नसत. "तो मी टाकतो मागाहून," म्हणायचे. मला वाटायचं काठाची माती, दोरीचा ताण असलं काही असेल. आकडे वाचताना मी त्या रकान्याकडे पाहत नसे, आणि वही माझ्या ताब्यात यायची तोवर ती जळणच झालेली असायची. दुसऱ्याचं लिहिलेलं सांगितल्याशिवाय वाचायचं नाही, ही सवय.

तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी होतं: "लोक माती खरवडून पाणी भरतात. घरी म. ला हे सांगितलं नाही. ती जेवली नसती."

म. म्हणजे मी. मनकर्णा.

पडदा परत काळा झाला. मग सुरूच झालं नाही.

१९ फेब्रुवारी

मशीन किती वाजता सुरू केलं, किती मिनिटं चाललं, ते सहा दिवस लिहून ठेवलं आहे. ह्यांनीही तेच केलं असतं. सकाळी सहा-सात मिनिटं चालतं. दुपारी तीन-चार. दिवेलागणीला एक मिनिटही नाही. किसनरावांना त्रेचाळीसचा आकडा दिला. त्यांनी हात जोडले. बाकीचं मी सांगितलं नाही.

माझी नजरही कमी झाली आहे. त्या खोलीत बसलं की दिवा पिवळा दिसतो, पुठ्ठ्यावरची अक्षरं लागत नाहीत. स्वयंपाकघरात तेवढं जाणवत नाही. वर्षभर डोळ्यांनी फार काम केलं, त्याचं असेल.

कपाटात दहा कोऱ्या फ्लॉप्या आहेत. त्यांवर सगळं उतरवून ठेवायचं असं ह्यांच्या मनात होतं. ते राहिलं. ह्या एका डब्याबाहेर ते अक्षर आता कुठेच नाही.

२६ फेब्रुवारी

धाकटी जाऊ मंदाबाई आली होती. ती मागच्याच गल्लीत राहते. मी मशीनपुढे बसलेली पाहून म्हणाली, "बाई, इथं अंधारात काऊन बसता? सैपाकघरात आणा ना थे टेबल. तिथं लाइट कसा लख्ख हाये!"

मला एकदम राग आला. म्हटलं, "हे टेबल जिथे आहे तिथेच राहील. ह्या खोलीतली वायर त्यांनी स्वतः ओढली आहे. खिळासुद्धा दुसऱ्याच्या हातचा नाही."

"राह्यलं मंग," ती म्हणाली. "मी तं चांगल्यासाठी सांगून राह्यली होती. तुमाले तं काही बोलाचीच सोय नाई." भाजीची पिशवी उचलून निघून गेली. आज एकादशी नव्हती तरी मी जेवले नाही.

३ मार्च

तानबा वायरमनला बोलावलं. ह्यांचाच विद्यार्थी. आता त्याच्या मिशा पिकल्या आहेत. त्यानं झाकण उघडलं. आत डाव्या हाताला एक बंद पेटी आहे. पंखा तिच्यातच. घरातली वीज ह्या पेटीत येते, ती तिला मऊ करून मशीनला देते, असं तो म्हणाला. पंख्यावर कापसाच्या जिनिंगमधून उडून आलेल्या रुईचा थर बसला होता. त्यानं ब्रशनं झाडला.

"काकू, या पेटीचा दम गेला. मशीन चांगलं हाये. त्याले खायालेच भेटून नाई राह्यलं तं थे काय करन?"

"दुसरी पेटी मिळेल?"

"आर्वीत? आर्वीत मोटारपंपाचं काहीबी मागा. हे नागपूरले भेटन. पन जुनी संगं न्या. नाई तं तो दुसरंच काही गळ्यात मारन."

त्यानं पेटी सोडवून दिली. कुठली वायर कुठे होती ते मी ह्याच वहीत काढून घेतलं. चार तारांची दोन फुलं. पिवळी, लाल, दोन काळ्या. आणि दोन लांब पट्ट्या, त्या लावताना काळ्या तारांना काळ्या तारा चिकटून आल्या पाहिजेत.

८ मार्च

सहाच्या बसनं नागपूरला गेले. पेटी ह्यांच्या पंच्यात बांधून मांडीवर घेतली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "देव आहे का?" मी हो म्हटलं.

दुकानदाराचं नाव ओमप्रकाश. त्यानं मला बसायला स्टूल दिलं. मी बाई, नऊवारीतली, आणि त्याच्यापुढे हे उघडलं म्हटल्यावर तो आधी हसला. "मांजी, ये किसका है?" मी म्हटलं, माझं आहे.

त्यानं तीन मार्ग सांगितले. हीच दुरुस्त करायची, महिना लागेल आणि भरवसा नाही. दुसरी, इथेच बनलेली, शंभर वॉटची. हलकी होती, हातात घेतल्यावर आतलं काहीतरी खडखडलं. तिसरी तैवानची, दीडशे वॉटची. मी विचारलं, वॉट जास्त असले तर मशीनला जास्त लागेल का, जळेल का? तो जरा चपापला. "नहीं मांजी. घर में बीस लोगों का खाना बन सकता है, मतलब बीस लोग आएंगे ऐसा थोड़ी है. मशीन जितना मांगेगी उतना ही लेगी." हे मला पटलं. माझ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क आहे, ती सुरू होताना एकदम जास्त ओढते, म्हणून मोठी बरी असंही तो म्हणाला.

मी दोन्ही पेट्या दोन हातांत घेऊन तोलल्या. पितळेचं भांडं घेतो तशा. तैवानची जड होती. तीच घेतली.

निघताना त्यानं पेटी उलटी करून दाखवली. मागे एक बारीक लाल बटन आहे. एका बाजूला ११०, दुसऱ्या बाजूला २२०. "इसको कभी मत छेड़ना. हमेशा दो सौ बीस पे. एक सौ दस अमेरिका के लिए है." मी लिहून घेतलं. इथेही पुन्हा लिहिते: लाल बटनाला हात लावायचा नाही.

९ मार्च

तानबानं नवी पेटी बसवली. मी वहीतलं चित्र धरून उभी होते. दुपारी बारा वाजता मशीन अठरा मिनिटं चाललं. मी देवापुढे साखर ठेवली.

सहा वाजता परत काळं.

१० मार्च

तेच.

११ मार्च

तेच. जुन्या पेटीचा दोष नव्हता. नव्या पेटीतही दोष नाही. मग दोष कशात आहे? मशीन ह्यांच्याशिवाय कोणाच्या हाताला चालायचंच नाही, असं आज मनात आलं. असले विचार लिहू नयेत, पण येतात.

२१ एप्रिल

मधले सगळे दिवस लिहिण्यासारखे नव्हते. ऊन चढलं. विहिरीत पोहरा आपटून आवाज येतो. सदाफुली वाळली. तिच्या मुळाशी जमिनीला बोटभर भेग आहे. मी रोज बघते आणि आत येते. त्या कोपऱ्यातलं पाणी हे त्यांचं आणि सूर्याचं होतं. माझ्यासारखीनं तिथे तांब्या घेऊन कशाला उभं राहायचं?

मशीन आता सुरूच होत नाही. पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. जुन्या माणसाला उठून बसता येऊ नये तसा.

आम्हाला मूल नाही. पुतण्यांना मराठी वाचायचा कंटाळा. मी गेले की हे टेबल कोणीतरी टी.व्ही.साठी मोकळं करेल.

२७ एप्रिल

तानबा सहज डोकावला. त्यानं त्या खोलीत आपला मीटर लावून पाहिला आणि डोक्याला हात लावला.

"काकू! इथं दीडशे व्होल्टबी नाई भेटून राह्यले. एकशे तीस! अशात कोनती पेटी चालन? तुमच्या लाइनीतच दम नाई."

"मग आता?"

तो मशीनच्या मागे वाकला. बराच वेळ त्या लाल बटनाकडे पाहत राहिला. "हे एकशे दहाचं काऊन देलं असन?"

"त्याला हात लावायचा नाही. दुकानदारानं बजावलं आहे."

"तो नागपुरात बसते, काकू. त्याच्या दुकानात पुरे दोनशे वीस येतेत. इथं येतेत एकशे तीस. म्हंजे तुमचं घर अमेरिकेतच झालं ना!" स्वतःच्या विनोदावर तोच हसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुमी नाई म्हना, मी नाई करत. गुरुजीचं मशीन हाये."

मी वही उघडली. ८ मार्चचं माझं वाक्य वाचलं. नंतर २१ एप्रिलचं वाचलं. म्हटलं, "कर."

त्यानं पेन्सिलच्या टोकानं बटन सरकवलं. मशीन सुरू झालं. पाच मिनिटं. दहा. अर्धा तास. दिवेलागण झाली तरी सुरू. तानबा मांडी घालून जमिनीवर बसून होता. म्हणाला, "गुरुजी असते तं पाठीवर थाप देली असती का नाई?"

मी त्याला दोनदा चहा दिला.

२९ एप्रिल

सत्तर साल वाचते आहे. दर वर्षाची एक फाईल. रोज अर्धीच वाचायची असं ठरवलं. एका बैठकीत चार वर्षं सहज वाचून होतील, पण मग मे महिन्यात मी काय करू?

"विरुळ. नवी दोरी. फुटाफुटाच्या गाठी म. नं मारल्या. एक फूट म्हणजे किती, ते तिनं माझ्या पट्टीवर तीनदा पाहिलं. गाठी सरळ आहेत."

मला ती दोरी आठवते. ह्यांनी तेव्हा नुसतं "ठीक" म्हटलं होतं.

६ मे

चौऱ्याहत्तर. जुलै. "देऊरवाडा. एकतीस फूट. म. दिवसभर बोलली नाही. मीही विचारलं नाही. परत येताना सायकल तीन वेळा थांबवली."

आदल्या दिवशी वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं की आता पुन्हा आशा धरू नका. मी पंधरा वर्षं समजत होते की ते त्या दिवशी विहिरी मोजायला निघून गेले म्हणजे त्यांना काही वाटलं नाही.

१७ मे

मंदाबाई वर्षश्राद्धाचं विचारायला आली. मी आत बसलेली पाहून म्हणाली, "थे फ्लाप्यांवर का काय उतरवाचं म्हनत होत्या, थे झालं काय?"

"करीन."

"करीन म्हनून राहू द्याचं नाई, बाई. मागच्या उन्हाळ्यात आपन सारेच करीन करीन म्हनत होतो." तिचा रोख मला कळला. ह्यांच्या छातीचं नागपूरला दाखवू म्हणत आम्ही दोन महिने काढले होते.

खरं लिहायचं तर मला उतरवायचं नाही. पुठ्ठ्यावर कृती आहे, दहा फ्लॉप्या आहेत, फार तर एका दुपारचं काम. पण किसनराव गावात सांगत फिरले आहेत. परवा कॉलेजचे कोणी एक सर विहिरींचे आकडे मागायला आले होते. फ्लॉपीवर गेलं की ते हातोहात जाईल, आणि आकड्यांबरोबर शेरेही जातील. माझं वाचून होऊ दे. मग देईन सगळ्यांना. वर्षश्राद्ध झालं की सगळंच करीन.

२४ मे

एक्याऐंशी संपलं. त्यात माझ्या वाट्याचा एकच शेरा आहे. "रोहणा. बावीस. म. वाचनालयाची पुस्तकं आणते. वाचताना तिचे ओठ हलतात. ते बघायला आज अडीचची बस धरली."

हे वाचताना माझे ओठ हलत होते का, कोण जाणे.

२७ मे

त्र्याऐंशी संपलं. चौऱ्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी उरलीत. मशीन आणल्यापासूनची दोन वर्षं मी शेवटी, अगदी सावकाश वाचणार आहे. त्यांत तरी त्यांनी त्या पाण्याबद्दल लिहिलं असेल. सूर्याला काय मागत होते, कळेल.

उद्या वैशाख वद्य अष्टमी.

२९ मे

काल काय झालं ते क्रमानं लिहिते.

श्राद्धाला तीस पानं जेवून उठली. माणसं जास्त आल्यामुळे मोरी तुंबली. मंदाबाई म्हणाली, "भागीरथे, भांडे मागं भिंतीपाशी ने, थ्या वाळल्या झाडापाशी. झाडालेबी पानी भेटन." गंजं, पराती, बादल्या सगळं तिथेच धुतलं. आलेल्या लोकांनी हातपायही तिथेच धुतले. टँकरचं पाणी होतं, कोणी हात आखडला नाही. फरशीभोवती तळं झालं होतं. मी खिडकीतून पाहिलं आणि मला वाटलं, चला, आज तरी त्या कोपऱ्याला पाणी मिळालं.

तीन वाजता सगळे आडवे झाले. मी मशीनच्या खोलीत गेले, दार लोटलं. दिव्याचं बटन लावलं. दिवा इतका स्वच्छ लागला की मी वर पाहिलं. पुठ्ठ्यावरचं अक्षर न् अक्षर दिसत होतं. मला वाटलं, वर्ष झालं, डोळे निवळले.

मग मशीनचं बटन लावलं.

बार उडाल्यासारखा आवाज झाला. मागून धूर आला. जळक्या मेणासारखा वास. बाहेरून मंदाबाई धावत आली, तिनं भिंतीवरचं बटन बंद केलं आणि मला दंडाला धरून ओढलं. "बाई, लागलं काय? कुठं लागलं?" मी म्हणाले, चौऱ्याऐंशी.

तिला कळलं नाही.

३१ मे

तानबानं डिस्क काढून दिली. मी ती पंच्यात बांधून नागपूरला नेली. ह्या वेळी कोणी काही विचारलं नाही.

ओमप्रकाशनं दुसऱ्या मशीनला लावून पाहिली. पेटी बदलून पाहिली. कान लावून ऐकलं. मलाही ऐकू दिलं. आत काही फिरत नव्हतं. त्यानं खालची हिरवी पट्टी दाखवली, एका जागी काळी झाली होती.

"बटन छेड़ा था, मांजी?"

"हो."

तो रागावेल असं वाटलं होतं. त्यानं डिस्क पुन्हा पंच्यात नीट गुंडाळून माझ्या हातात दिली. "इसमें क्या था?"

मी म्हटलं, विहिरी.

२ जून

तानबाला सांगून पाठवलं की ह्या खोलीतली वायर काढून टाक. तो आला. आधी दारातच उभा राहिला. त्यानं मीटर लावला आणि म्हणाला, "दोनशे दहा. काकू, महिन्याआधी एकशे तीस होते. हे काय होय?" मग वायरीच्या मागे मागे भिंतीनं गेला, खिडकीतून बाहेर, मागच्या अंगणात, थेट सदाफुलीपर्यंत. फरशी उचलली. माती अजून ओली होती. खाली गंजलेला पाईप उभा पुरलेला, त्याला तांब्याची तार गुंडाळलेली. पाईपाभोवती लोणारी कोळसा, आणि खडे मीठ.

तो तिथेच उकिडवा बसला. मला समजेल असं सांगितलं. खांबावरून दोन वायर येतात. एक वीज आणते, दुसरी परत नेते. ह्या खोलीची परतीची वायर भिंतीत कुठेतरी तुटली असेल. गुरुजींनी भिंत फोडली नाही. परतीची वाट जमिनीतून काढली. खेड्यात कैक जण करतात. जमीन ओली असली की दिवा पुरा, वाळली की अर्धा. "म्हनून रोज पानी टाका लागते, काकू. टाकत होते ना गुरुजी?"

मी हो म्हटलं.

"आन् मी थे पाह्यलंच नाई. सरकवलं बटन एकशे दहावर, आन् आले दोनशे दहा." तो मनगटानं डोळे पुसत होता. पन्नाशीचा माणूस. मी त्याला सांगितलं नाही की एक तांब्या ओतला असता तर जुनी पेटीसुद्धा चालली असती. ते त्यालाही कळलं होतं. मंदाबाईच्या भांड्यांबद्दल तर मी कोणालाच सांगणार नाही. स्वयंपाकघरात टेबल न्या म्हणून सांगणारीही तीच होती.

तानबा म्हणाला, भिंत फोडून नवीन वायर टाकून देतो, पुन्हा ह्या भानगडीत पडू नका. मी म्हटलं, राहू दे. फरशी होती तशी ठेव.

मी एवढी वर्षं घरात होते. दोन वर्षं रोज सकाळी ते माझ्यासमोरून तांब्या घेऊन गेले. एकदा विचारलं असतं, कशाला हो ओतता?

४ जून

काल सकाळी उठून मी सडा टाकला, आंघोळ केली, तांब्याभर पाणी कोपऱ्यात नेऊन ओतलं आणि मातीनं ते पिईपर्यंत तिथे उभी राहिले. मग आत येऊन त्या खोलीतला दिवा लावून पाहिला. पुरा लागला.